आठ महिने रखडलेलं जेंटू पुन्हा रुळावर आणताना

डिचोलीच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपवर जेंटू आहे, म्हणजे पॅकेजं सोर्सवरून स्वतः कंपाईल करायचं लिनक्स वितरण. चवथीच्या सुट्टीत शेवटचं पूर्ण अपडेट केलं, मग सेमिस्टर सुरू झालं आणि ते राहूनच गेलं. आता मे महिन्यात अपडेट करायला घेतलं तर पडदाभर ब्लॉक (एकत्र नांदू न शकणारी पॅकेजं) आणि स्लॉट कॉन्फ्लिक्ट येतात. रॅम ८ जीबी. पाऊस लागला की वीज जात-येत राहणार. किती दिवसांनी अपडेट करावं, कोणत्या क्रमाने करावं, आणि हा खटाटोप सोडून सरळ बायनरी वितरण, म्हणजे तयार पॅकेजं देणारं, घ्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घ्यायचं असेल तर जरूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण ब्लॉक आले म्हणून घेऊ नका. जेंटूच्या हिशेबात आठ महिने फार नव्हेत. फोंड्यात मी एका छापखान्याची आणि काही छोट्या कार्यालयांची जेंटू मशिनं सांभाळतो. तिथल्या अनुभवावरून सांगतो, की पडद्यावर जे लाल दिसतंय त्याचं मूळ बहुतेक तुमच्याच /ईटीसी/पोर्टेज मधल्या जुन्या नोंदींत सापडेल; पोर्टेज म्हणजे जेंटूचं पॅकेजं बांधणारं-सांभाळणारं साधन. नवा माणूस कंपाईलला घाबरतो. ते मशीन करतं, आपण जेवून येईपर्यंत करतं. आपल्या वाट्याला येतं ते वाचन, आणि पूर्वी आपणच काय-काय ठरवून ठेवलं होतं ते निस्तरणं. म्हणून पुढचं बरंचसं लिखाण त्याबद्दलच आहे.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.

सुरुवातीला दोन गोष्टींची प्रत काढा: अख्खी /ईटीसी, आणि /व्हार/लिब/पोर्टेज/वर्ल्ड ही फाइल. वर्ल्ड फाइलमध्ये तुम्ही स्वतः मागून घेतलेल्या पॅकेजांची नावं असतात, बाकीची शेकडो पॅकेजं त्यांच्या मागोमाग आलेली असतात. ही यादी आणि /ईटीसी/पोर्टेज हाताशी असेल तर उद्या डिस्क गेली तरी तीच सिस्टीम पुन्हा उभी राहते. मी /ईटीसी/पोर्टेज गिटमध्ये ठेवतो आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर कॉमेंट लिहितो: कशासाठी, कधी. सहा महिन्यांनी आपलाच यूज फ्लॅग, म्हणजे पॅकेजमधली एखादी सोय चालू-बंद करायची खूण, आपल्याला ओळखू येत नाही.

दुसरं, "क्विकपीकेजी" वापरून ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी), जीसीसी (कंपायलर), पायथन आणि पोर्टेज यांची आत्ता चालू असलेल्या रूपातली बायनरी पॅकेजं बनवून ठेवा. काही मिनिटांचं काम आहे. पोर्टेज पायथनमध्ये लिहिलेलं आहे, त्यामुळे पायथन मोडलं की दुरुस्तीचं हत्यारही जातं. तशी वेळ आलीच तर पेनड्राइव्हवरून बूट करून हीच पॅकेजं हाताने उलगडता येतात.

आता सिंक. "इमर्ज --सिंक" दिलं की पॅकेजांच्या कृतींचं झाड, म्हणजे ईबिल्डची रिपॉझिटरी, ताजी होते. वसतिगृहांच्या किंवा कार्यालयांच्या नेटवर पुष्कळदा आरसिंकचं ८७३ क्रमांकाचं पोर्ट बंद असतं आणि आज्ञा नुसती लटकून राहते. तिथे "इमर्ज-वेबआरसिंक" वापरा. ते दिवसातून एकदा निघणारा, सही केलेला स्नॅपशॉट साध्या वेबवरून आणतं. एक शिष्टाचारही आहे: सिंक दिवसातून एकदाच करायचं. ते मिरर लोकांनी फुकट चालवलेले आहेत, आणि दुपारच्या झाडात सकाळपेक्षा असं काय वेगळं असणार?

सिंक झालं की तळाशी एक ओळ येते की इतक्या बातम्या वाचायच्या आहेत. "इसिलेक्ट न्यूज रीड" देऊन त्या सगळ्या वाचा. अपडेट रखडलेल्या दहातल्या नऊ माणसांनी ही पायरी गाळलेली असते. जेंटूचे विकासक मोठा बदल गुपचूप करत नाहीत. आधी बातमी देतात, तीत क्रमवार पायऱ्या देतात, आणि त्या पायऱ्या नेमक्या असतात. मार्च २०२४ मध्ये २३.० मालिकेची प्रोफाइल, म्हणजे सिस्टीमच्या मूळ सेटिंगांचे संच, आली तेव्हाच्या बातमीत आधी प्रोफाइल कुठलं निवडायचं, मग बिनयुटिल्स, जीसीसी, ग्लिबसी कोणत्या क्रमाने बांधायचं आणि शेवटी अख्खं वर्ल्ड पुन्हा कंपाईल करायचं, हे सगळं सविस्तर होतं. ज्यांनी बातमी न वाचता नुसतं प्रोफाइल बदललं त्यांनी पुढचे दिवस वेगळ्या प्रकारच्या वाचनात घालवले. तेव्हा "इसिलेक्ट प्रोफाइल लिस्ट" चालवून तुमचं प्रोफाइल कुठलं आहे ते पाहा. १७.१ निघालं तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते स्थलांतर करा.

मग पोर्टेज स्वतः:

इमर्ज --वनशॉट सिस-अ‍ॅप्स/पोर्टेज

हे आधी का, तर नव्या ईबिल्डची भाषा जुन्या पोर्टेजला कळेलच असं नाही. या भाषेची ईएपीआय ८ ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. २०२० पासून बंद पडलेल्या मशीनवरचं पोर्टेज आजच्या झाडातली असंख्य पॅकेजं वाचूच शकत नाही. इतक्या जुन्या मशीनशी झटापट करण्यात शहाणपण नाही. नवा स्टेज ३, म्हणजे जेंटूची तयार मूळ सिस्टीम, घ्या, त्यावर वर्ल्ड फाइल आणि निवडक नोंदी आणा. तुमची ती वेळ नाही.

"--वनशॉट" लक्षात ठेवा. तो न देता एखादं पॅकेज इमर्ज केलं की त्याचं नाव वर्ल्ड फाइलमध्ये चिकटतं. एखादी लायब्ररी दुरुस्त करायला म्हणून लोक तिला नुसतं इमर्ज करतात आणि ती कायमची "मी मागितलेली" होऊन बसते. पुढे तिला मागणारं कुणीच उरलं नाही तरी पोर्टेज तिला सोडत नाही, उलट तिच्यासाठी इतरांना अडवतं. आत्ताच वर्ल्ड फाइल उघडा. त्यात "डेव्ह-लिब्ज" किंवा "मीडिया-लिब्ज" ने सुरू होणाऱ्या ओळी दिसल्या तर प्रत्येकीपुढे थांबून विचारा, ही मला स्वतःला हवी आहे का? नको असेल तर "इमर्ज --डिसिलेक्ट". याने पॅकेज उडत नाही, फक्त यादीतून नाव जातं.

आता खरी आज्ञा, पण आधी तालीम म्हणून:

इमर्ज --प्रिटेंड --व्हर्बोज --अपडेट --डीप --चेंज्ड-यूज --बॅकट्रॅक=१०० @वर्ल्ड

पुष्कळ ठिकाणी इथे "--न्यूयूज" लिहिलेलं आढळेल. फरक असा, की एखाद्या ईबिल्डमध्ये नवा यूज फ्लॅग नुसता आला किंवा गेला, तुम्ही तो कधीच चालू केला नव्हता, तरी न्यूयूज ते पॅकेज पुन्हा बांधायला घेतं. चेंज्ड-यूज तुमच्या सिस्टीमवर प्रत्यक्ष चालू असलेल्या फ्लॅगांत फरक पडला तरच घेतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर दुसरा पर्याय घ्या. बॅकट्रॅक वाढवल्याने पोर्टेज जास्त वाटा चाचपून पाहतं. हिशेबाला वेळ लागतो, पण पुष्कळ गुंते न सांगता सुटतात.

जी यादी येईल ती खालून वर वाचा. मोठा बी म्हणजे पोर्टेजला न सुटलेला ब्लॉक. लहान बी म्हणजे ते स्वतः सोडवणार आहे, तुम्ही काही करायचं नाही. हे न कळल्यामुळे लहान बी पाहून पॅकेजं हाताने उडवणारे खूप. यू अपडेट, आर पुन्हा बांधणी, यू आणि डी जोडीने आले तर आवृत्ती मागे जातेय. मागे जाणाऱ्या प्रत्येक ओळीवर थांबा, तिथे बहुधा आपलीच एखादी नोंद असते. फ्लॅगापुढे तारा असेल तर तो गेल्या वेळेपेक्षा बदललाय, टक्क्याचं चिन्ह असेल तर तो ईबिल्डमध्ये नव्याने आला किंवा गेला.

स्लॉट कॉन्फ्लिक्टचा संदेश लांबलचक आणि बोजड असतो, पण त्याचा गाभा दोनच ओळींचा. एका पॅकेजच्या दोन आवृत्त्या एकाच जागेवर बसू पाहताहेत; नवीला कोण ओढतंय आणि जुनीला कोण धरून बसलंय. नवीकडे बघू नका. जुनीला धरून बसलेला शोधा. तो सापडला की तो तिथे का आहे ते बघा. कारणं ठरलेलीच असतात.

सगळ्यांत वरचं कारण पायथन. २०२४ मध्ये १ जूनला जेंटूने डीफॉल्ट पायथन ३.१२ केलं, २०२५ मध्ये १ जूनला ३.१३. प्रत्येक वेळी बातमीत सांगितलेलं असतं, की सावकाश जायचं असेल तर पॅकेज.यूज मध्ये तात्पुरती नोंद करून आधी जुनं-नवं दोन्ही चालू ठेवा, अपडेट करा, मग डीफॉल्ट नव्यावर न्या, पुन्हा अपडेट करा, शेवटी जुनं काढा. पद्धत उत्तम आहे. पण "तात्पुरती" ही ओळ काढायला कुणाला आठवत नाही. तुमच्याकडे सगळ्या पॅकेजांना लागू होणारी "*/* पायथन_टार्गेट्स" अशी एखादी ओळ पडून असेल, तर पुढच्या जूनमध्ये ती तुम्हाला पाठीमागे ओढणार. जितकी पायथन पॅकेजं तितके कॉन्फ्लिक्ट, आणि कारण एकच ओळ. ती पुसा आणि तालीम पुन्हा करा. निम्मा पडदा रिकामा झाला तर मला नवल वाटणार नाही.

दुसरं कारण नेमक्या आवृत्तीला बांधलेले कीवर्ड. एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती हवी म्हणून पॅकेज.अ‍ॅक्सेप्ट_कीवर्ड्स मध्ये तिचा टेस्टिंग कीवर्ड, म्हणजे अजून स्टेबल न ठरलेली आवृत्ती घ्यायची परवानगी, घेतला, आणि तिला लागणाऱ्या चार-सहा पॅकेजांच्याही नोंदी झाल्या. क्यूटी या ग्राफिकल प्रोग्रामांच्या लायब्ररीच्या बाबतीत हे फार जाचतं, कारण क्यूटीची सगळी पॅकेजं एकाच आवृत्तीची असावी लागतात. एक जरी खिळलेलं राहिलं की बाकीची वर सरकत नाहीत. अशा नोंदी बहुधा "--ऑटोअनमास्क-राइट" ने लिहिलेल्या असतात. त्या सोयीबद्दल माझं मत वाईट आहे. पोर्टेज "एवढं लिहिलं तर जमेल" म्हणतं, ते खरंही असतं, पण ते तुम्हाला हवं आहे का हे त्याला कुठून कळणार? सुचवलेली प्रत्येक ओळ स्वतःच्या हाताने लिहा. हाताने लिहायचा कंटाळा आला तर बहुधा त्या ओळीची गरजच नव्हती.

तिसरं, ओव्हरले, म्हणजे मुख्य झाडाबाहेरची रिपॉझिटरी. गुरू किंवा अशाच एखाद्या रिपॉझिटरीतून घेतलेलं पॅकेज ज्याने लिहिलं त्याने सोडून दिलं, आणि ते जुन्या लायब्ररीला धरून बसलंय. यात आणखी भर जीसीसी १४ ने घातली. मे २०२४ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीने सी भाषेतल्या काही जुन्या सैल सवयी, उदाहरणार्थ फंक्शन जाहीर न करता वापरणं, इशाऱ्यावरून थेट चूक ठरवल्या. मुख्य झाडातली पॅकेजं विकासकांनी दुरुस्त केली, बेवारस ओव्हरलेतली तशीच राहिली. असं पॅकेज सरळ काढून टाका, अपडेट पूर्ण करा, मग खरंच लागतं का ते बघा.

हेच धोरण मोठ्या, टोकावरच्या पॅकेजांनाही लावता येतं. लिबरऑफिस, एखादा ब्राउझर, व्हिडिओ संपादक यांच्यावर दुसरं काही अवलंबून नसतं. गुंता सुटतच नसेल तर ती उडवा, बाकी सिस्टीम वर आणा, मग ती परत घ्या. मात्र ग्लिबसी, जीसीसी, पायथन, पोर्टेज, बॅश यांना कॉन्फ्लिक्ट सोडवण्यासाठी कधीही हाताने काढायचं नाही. ग्लिबसीची आवृत्ती मागेही न्यायची नाही.

एक वेगळ्या जातीचा अडथळा आपल्यासारख्या देवनागरीवाल्यांना हटकून भेटतो, म्हणून सांगतो. जोडाक्षरं नीट दिसायला हार्फबझ ही लायब्ररी लागते, आणि फाँट रेखाटणाऱ्या फ्रीटाइपमध्येही हार्फबझचा फ्लॅग असतो. दोन्हीकडचे फ्लॅग चालू असले की फ्रीटाइपला आधी हार्फबझ हवं आणि हार्फबझला आधी फ्रीटाइप. पोर्टेज याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणून हात टेकतं. उपाय सोपा: एकदाच, त्या आज्ञेपुरता, यूजमध्ये उणे हार्फबझ देऊन फ्रीटाइप वनशॉटने बांधा. मग नेहमीचं अपडेट चालवा, ते फ्रीटाइप पुन्हा पूर्ण फ्लॅगांसह बांधून घेईल. हे पॅकेज.यूज मध्ये लिहून ठेवू नका.

यादीत काहीही नवं नसताना लिबरऑफिस पुन्हा कंपाईल व्हायला का आलं, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. वर आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी दिसतेय का पाहा. आयसीयूची आवृत्ती बदलली की तिचा सबस्लॉट, म्हणजे जुळणीचा क्रमांक, बदलतो, आणि तिच्याशी जोडलेली सगळी पॅकेजं नव्याने जोडावी लागतात. बूस्ट, ओपनएसएसएल, पॉप्लर यांचंही तसंच. ही जेंटूची खोड नाही. बायनरी वितरणातही हे होतंच, फक्त तिथे ते दुसऱ्याच्या मशीनवर होतं.

तालमीत मोठा बी उरला नाही की प्रत्यक्ष कामाला लागा. तुमच्या ८ जीबीचा विचार इथे येतो. एका वेळी किती कामं चालवायची ते सांगणाऱ्या मेकऑप्ट्समध्ये प्रत्येक कामामागे साधारण २ जीबी रॅम धरा. म्हणजे प्रोसेसरला ८ थ्रेड असले तरी "-जे४" च. क्यूटीवेबइंजिन किंवा वेबकिट-जीटीके अशा राक्षसांसाठी पॅकेज.एन्व्ह वापरून फक्त त्यांच्यापुरतं "-जे२" करा. नाहीतर रॅम संपते, कर्नल कंपायलरला मारतो, आणि संदेश असा येतो की वाटावं सोर्समध्येच खोट आहे. /व्हार/टीएमपी/पोर्टेज (कंपाईल होतं ते फोल्डर) रॅममध्ये, म्हणजे टीएमपीएफएसवर, ठेवायचा सल्ला मिळेल. ८ जीबीवर तो मानू नका.

आणि सगळंच स्वतः बांधण्याचा हट्ट सोडा. २९ डिसेंबर २०२३ ला जेंटूने स्वतःची अधिकृत बायनरी पॅकेजं जाहीर केली, एएमडी६४ आणि एआरएम६४ साठी. "--गेटबिनपीकेजी" दिलं की ज्या पॅकेजांचे तुमचे फ्लॅग तिथल्याशी जुळतात ती तयार येतात, न जुळणारी कंपाईल होतात. साध्या डेस्कटॉप प्रोफाइलवर एलएलव्हीएम, क्यूटी, लिबरऑफिस यांसारख्या धुडांचं कंपाईल यामुळे टळू शकतं. रस्ट-बिन, फायरफॉक्स-बिन, जेंटू-कर्नल-बिन ही पॅकेजं तर आधीपासून आहेत. छापखान्यातल्या मशिनांवर मी फक्त घोस्टस्क्रिप्ट, इंकस्केप आणि फाँटशी संबंधित साखळी माझ्या फ्लॅगांनी बांधतो, बाकीचं येऊ दे तयार. कुणाला हे भेसळीचं वाटतं. मला मे महिन्याच्या उकाड्यात लॅपटॉपचा पंखा रात्रभर बोंबलत ठेवण्यात काही पुण्य दिसत नाही.

विजेचं म्हणाल तर लॅपटॉपला बॅटरी आहे, तुम्ही सुखी. तरी यंत्रणा समजून घ्या म्हणजे धास्ती राहत नाही. कंपाईल होतं ते /व्हार/टीएमपी/पोर्टेज मध्ये, मग फाइली एका प्रतिमा-फोल्डरमध्ये मांडल्या जातात, आणि अगदी शेवटी त्या खऱ्या सिस्टीमवर चढतात. पहिल्या दोन टप्प्यांत वीज गेली तर गेलं काय, तेवढ्या पॅकेजचा वेळ. धोका शेवटच्या टप्प्यात, आणि तो बहुतेक वेळा काही सेकंदांचा. म्हणून आभाळ भरलेलं असताना, डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नसेल तर, ग्लिबसी चढवू नका; बाकी चालू द्या. वीज परत आली की "इमर्ज --रिझ्यूम". एखादं पॅकेज पुन्हा-पुन्हा पडत असेल तर त्याला "--स्किपफर्स्ट" जोडा. मुळातच "--कीप-गोइंग" देऊन ठेवलं तर एक पडलं म्हणून बाकीची रात्रभर ताटकळत नाहीत.

नेटचंही तसंच. सत्तरीत वाळपईच्या पुढे एक मशीन आहे, तिथे पावसात नेट कधी येईल सांगता येत नाही. तिथे मी आधी "--फेचओन्ली" चालवतो. सगळे सोर्स उतरले की नंतर नेट असो-नसो, कंपाईल अडत नाही. आणि फीचर्समध्ये "बिल्डपीकेजी" कायम चालू ठेवतो. जे-जे कंपाईल होतं त्याचं बायनरी पॅकेज आपोआप बाजूला पडतं, नवं नाही पटलं तर जुनं मिनिटभरात परत. हीच पॅकेजं दुसऱ्या मशिनांना पुरवायची असतील तर मात्र सीफ्लॅग्जमध्ये "-मार्च=नेटिव्ह" नको. नव्या प्रोसेसरवर बांधलेलं जुन्यावर "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" म्हणत कोसळतं.

कंपाईल संपलं म्हणजे अपडेट संपलं नाही. पोर्टेज तुमच्या /ईटीसी मधल्या बदललेल्या फाइली परस्पर बदलत नाही, नवी आवृत्ती शेजारी ठेवतं. "डिस्पॅच-कॉन्फ" चालवा आणि प्रत्येक फरक बघा. यू दाबलं की नवी येते, झेड दाबलं की नवी टाकून दिली जाते, एम ने दोन्हींतून निवडत जाता येतं. एफएसटॅब आणि ज्यांत तुम्ही स्वतः लिहिलंय अशा फाइलींवर यू दाबण्याआधी दोनदा विचार करा. उलट ज्यांना कधी हात लावलाच नाही त्यांवर विचार करत बसू नका. सेवा सुरू होत नाही अशी तक्रार घेऊन जी मशिनं माझ्याकडे येतात, त्यांपैकी बऱ्याच मशिनांवर या फाइली महिनोन्‌महिने साचलेल्या असतात.

मग पोर्टेजने @प्रिझर्व्ह्ड-रीबिल्ड (जुन्या लायब्ररीवर अडकलेल्यांची पुन्हा बांधणी) सांगितलं तर ते, आणि त्यानंतर कुणालाच न लागणारी पॅकेजं काढणारं "इमर्ज --डिपक्लीन", तेही आधी प्रिटेंडने. अपडेट पुरं होण्याआधी डिपक्लीन करू नका, यादी फसवी निघते. पर्लची मोठी आवृत्ती बदलली असेल तर "पर्ल-क्लीनर --ऑल". कर्नलसाठी डिस्ट्रिब्युशन कर्नल वापरत असाल तर तो बाकी पॅकेजांसारखाच येतो नि बसतो. एवढंच पाहा, की आधीचा चालता कर्नल बूट मेन्यूत शिल्लक आहे आणि /बूट भरलेलं नाही. /व्हार/कॅश/डिस्टफाइल्स मधला आठ महिन्यांचा ढीग "इक्लीन-डिस्ट" ने उतरवा.

स्टेबल की टेस्टिंग, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कॉलेजात हौसेने सगळं टेस्टिंग करून ठेवायची साथ असते म्हणून लिहितो. ईबिल्ड टेस्टिंगमध्ये साधारण ३० दिवस विनातक्रार राहिलं की स्टेबल होतं, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याआधी. त्या ३० दिवसांचं मोल २९ मार्च २०२४ ला दिसलं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग काढताना एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये पेरलेला चोरदरवाजा सापडला. जेंटूत त्या आवृत्त्या टेस्टिंगमध्ये होत्या, स्टेबलवाले ५.४ वर होते. "मी तर सोर्सवरून बांधतो, मला काय" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं, की चोरदरवाजा जागा करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, प्रकाशित टारबॉलमध्ये होती. आपण बांधतो ते त्याच टारबॉलवरून. तो दरवाजा डेब आणि आरपीएम या बायनरी वितरणांच्या पॅकेजांच्या बांधणीसाठी रचलेला होता म्हणून जेंटूवाले निभावले. तेव्हा सिस्टीम स्टेबल ठेवा, आणि ज्या दोन-चार पॅकेजांत तुम्हाला खरंच नवं हवं तेवढ्यांनाच टेस्टिंग कीवर्ड द्या, आवृत्ती न बांधता.

किती दिवसांनी? आठवड्याने किंवा पंधरवड्याने. रोज केलं तर तेच पॅकेज दोन-तीनदा बांधलं जातं, महिन्याने केलं तर यादी लांबते पण झेपते. ठरलेला वार असू दे. मी शुक्रवारी संध्याकाळी करतो, कारण शनिवारी कुणाचं काही अडत नाही. आणि सिंक केलं की त्याच बैठकीत अपडेटही करा. सिंक करून सोडून दिलं, आणि नंतर एखादं छोटं पॅकेज घ्यायला गेलात, तर ते नव्या झाडातल्या नव्या लायब्ररी मागतं आणि नको त्या वेळी निम्मी सिस्टीम हलायला लागते.

म्हणून परीक्षेच्या किंवा प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात अपडेटला हात लावू नका. त्या काळात सुरक्षेची गंभीर बातमी आलीच तर एवढंच करा: सिंक, मग "ग्लसा-चेक -टी ऑल" चालवून आपलं कुठलं पॅकेज सापडलंय ते बघा, आणि तेवढंच वनशॉटने वर आणा. ती लायब्ररी असेल तर तिला वापरणाऱ्या सेवा पुन्हा सुरू करा, नाहीतर जुनीच प्रत मेमरीत चालत राहते. बाकीचं पेपर संपल्यावर.